वारुळातल्या पाहुण्याचं बारसं

२०१२ साली मुनेतोशी मारुयामा या जपानी कीटकशास्त्रज्ञाने कंबोडियातल्या वाळवीच्या वारुळांत मिळालेल्या एका भुंगेऱ्याचं वर्णन ‘झूकीज’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलं. हा भुंगेरा जेमतेम १.२ मिलिमीटर लांब, म्हणजे खसखशीच्या दाण्याएवढा. त्याला उडण्याचे पंख नाहीत. पण पाठीवरच्या कठीण कवचांवर, म्हणजे इलिट्रांवर, केसांच्या झुबक्यांची अशी रचना आहे की इवले इवले पंख फुटल्यासारखे दिसतात. म्हणून त्याचं नाव पडलं टर्मिटोट्रॉक्स क्युपिडो. क्युपिड हा रोमन लोकांचा मदन, आणि त्याला चित्रांत पंख असतातच.

हा निबंध आठ-नऊ पानांचा आहे आणि कुणालाही विनामूल्य वाचता येतो. प्राणिशास्त्राचे विद्यार्थी, महाविद्यालयातले शिक्षक, शेतावर फिरताना कीटक टिपणारे हौशी निरीक्षक यांपैकी कुणाला वारुळात अनोळखी भुंगेरा सापडला, तर ‘हे कसं लिहायचं?’ याचं उत्तर म्हणून तो समोर ठेवण्यासारखा आहे. सापडणं हा या कामाचा सगळ्यात छोटा भाग असतो. आणखी शंभर वर्षांनी तुमचा निबंध आणि एक भुंगेरा टेबलावर घेऊन बसलेल्या अनोळखी माणसाला ‘हा तोच’ किंवा ‘हा तो नव्हे’ असं ठरवता आलं पाहिजे. पुढची प्रत्येक सूचना त्या माणसासाठी आहे.

पाहुणा की वाटसरू?

वारूळ फोडलं की त्यातून जे जे निघतं ते सगळं वारुळातलं नसतं. भोवतालच्या मातीतले भुंगेरे, पालापाचोळ्यातले किडे, वाळवी खायला आलेले शिकारी असे कितीतरी जण आपल्या ट्रेमध्ये पडतात. वाळवीच्या सोबतीनेच जगणाऱ्या भुंगेऱ्यांवर त्या सहवासाच्या खुणा दिसतात. डोळे बारीक झालेले किंवा नाहीसे झालेले, मागचे पंख गेलेले, अंगावर केसांचे स्रावी झुबके, पाय आणि मिशा आखडून घेता येतील असं घोटीव शरीर, किंवा फुगून शरीराच्या कितीतरी पट झालेलं पोट. स्टॅफिलिनिडी कुळातल्या भुंगेऱ्यांचे इलिट्रा आखूड असतात आणि पोट उघडं राहतं, त्यामुळे त्यांच्यात हे फुगणं फार नजरेत भरतं. स्कॅराबिडी, म्हणजे शेणकिड्यांच्या कुळातही असे पाहुणे आहेत, टर्मिटोट्रॉक्स त्यांतलाच.

हे नातं फार जुनं आहे. म्यानमारमधल्या सुमारे ९.९ कोटी वर्षांपूर्वीच्या अंबरात सापडलेल्या क्रेटोट्रायकोप्सेनियस या भुंगेऱ्यावरही असं घोटीव शरीर दिसतं. त्याचं वर्णन २०१७ साली झालं.

एकाच वारुळात एकदा मिळालेला एक नमुना म्हणजे शंका. वेगवेगळ्या वारुळांत, त्याच प्रकारच्या कप्प्यात, पुन्हा पुन्हा मिळाला तर पुरावा. शक्य असेल तर तळाशी ओलसर प्लास्टर घातलेल्या काचेच्या बशीत वाळवीने बुरशी वाढवलेल्या पोळ्याचा तुकडा, काही कामकरी आणि सैनिक, आणि तुमचा भुंगेरा असं ठेवून मंद लाल प्रकाशात बघत बसा. कामकरी वाळवी त्याला चाटते का, तोंडातून भरवते का, उचलून नेते का, की चावते? ही चार निरीक्षणं निबंधात मोलाची ठरतात.

कुदळ मारण्याआधी

वारूळ हे कुणाच्या तरी बांधावर असतं, आणि अनेकदा कुणाच्या तरी देवाचंही असतं. हळद-कुंकू वाहिलेल्या वारुळाला हात लावायचा नाही, आणि बाकीच्यांसाठी जमिनीच्या मालकाला विचारायचं. अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात मुख्य वन्यजीव रक्षकांच्या लेखी परवानगीशिवाय एक किडाही उचलू नका. वारुळात नाग, घोणस, विंचू मुक्कामाला असतात. लांब दांड्याचं अवजार, जाड बूट आणि हातमोजे हवेतच, आणि भोकात हात घालणं कटाक्षाने टाळा.

अख्खं वारूळ उद्ध्वस्त करण्याची गरज नसते. एका बाजूने उघडा, काही पोळी बाहेर काढा, बघून झाल्यावर ढेकळं परत लावून ठेवा. राणी शाबूत असेल तर कामकरी डागडुजी करतात, आणि तुम्हाला पुढच्या हंगामात त्याच वारुळाकडे परत जाता येतं.

कायद्याचंही बघून ठेवा. जैविक विविधता कायदा, २००२ च्या कलम ३९ नुसार नवी प्रजाती सापडली तर ती अधिकृत भांडार-संस्थेला कळवावी लागते आणि नमुने तिथे जमा करावे लागतात. भारतीय प्राणी सर्वेक्षण ही अशी प्रमुख संस्था. तिचं मुख्यालय कोलकात्याला आणि पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे. परदेशातल्या तज्ज्ञाला नमुना पोस्टाने पाठवून देणं सोपं वाटतं, पण राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचे नियम समजून घेतल्याखेरीज तसं करू नका. मोठ्या नियतकालिकांचे संपादक परवानग्यांविषयी विचारतात.

यजमानासकट गोळा करा

आपल्याकडे शेताच्या बांधावर दिसणारी उंच, कंगोरे असलेली वारुळं बहुतेक वेळा ओडोंटोटर्मिस या वाळवीची असतात. ही वाळवी जमिनीखालच्या कप्प्यांत लाकडा-पाल्याच्या चोथ्यापासून सच्छिद्र पोळी बांधते आणि त्यांवर टर्मिटोमायसिस ही बुरशी वाढवते. पावसाळ्यात वारुळावर उगवणारी अळंबी त्याच बुरशीची. भुंगेरे शोधायचे ते या कप्प्यांत.

पोळं सबंध उचलून पांढऱ्या ट्रेमध्ये ठेवा आणि लगेच फोडू नका. सुरुवातीला कामकरी वाळवीची पळापळ चालते, त्यात काहीच दिसत नाही. थोड्या वेळाने गर्दी पांगते आणि पोळ्याच्या खळग्यातून एखादा तांबूस ठिपका वाळवीच्या मानाने सावकाश चालत येतो. आजूबाजूची वाळवी त्याला ओलांडून जाते, थबकत नाही. तोच तुमचा पाहुणा असण्याची शक्यता जास्त. पोळं तपासून झालं की कप्प्याच्या तळाशी साचलेला कचराही चाळा. टर्मिटोट्रॉक्स क्युपिडोचे नमुने बुरशीच्या कप्प्यांतल्या कचऱ्याच्या ढिगांतच मिळाले होते. फक्त राणीचा कप्पा बघून परतणाऱ्याच्या हाती ते कधीच लागले नसते.

आता सगळ्यात जास्त विसरली जाणारी गोष्ट: वाळवी गोळा करा, आणि तीही सैनिकांसकट. वाळवीची प्रजाती मुख्यतः सैनिकाच्या डोक्यावरून आणि जबड्यांवरून ओळखतात. नुसत्या कामकऱ्यांवरून तज्ज्ञही हात टेकतात. शिवाय एका वारुळात दोन-तीन जातींच्या वाळव्या शेजारी शेजारी नांदत असू शकतात. म्हणून ज्या कप्प्यात भुंगेरा मिळाला त्याच कप्प्यातले सैनिक, त्याच क्रमांकाच्या कुपीत. ओळखीसाठी ‘फॉना ऑफ इंडिया’ मालिकेतले वाळवीवरचे दोन खंड हाताशी ठेवा. पहिला रूणवाल आणि छोटानी यांचा १९८९ चा, दुसरा छोटानी यांचा १९९७ चा. तरीही खात्री नसेल तर तसं लिहा. उदाहरणार्थ, यजमानाचं नाव ‘मॅक्रोटर्मिस सीएफ. गिल्व्हस’ असं देता येतं. त्यातल्या ‘सीएफ.’चा अर्थ ‘गिल्व्हसशी जुळणारी, पण पक्कं सांगता येत नाही’. अशी दोन अक्षरं लिहिण्यात कमीपणा नाही.

रचना बघण्यासाठी ७० ते ८० टक्के अल्कोहोल चालतं. डीएनए काढायचा असेल तर काही नमुने ९५ टक्क्यांच्या वर ठेवा आणि थंड जागी ठेवा. फुगलेल्या पोटाचे नमुने वाळवून टाचणीवर लावू नका, पोट सुरकुतून जातं आणि बघण्यासारखं काही उरत नाही. ते अल्कोहोलमध्येच राहू द्या. घट्ट कवचाचे बारीक भुंगेरे कार्डाच्या त्रिकोणी टोकावर, पाण्यात विरघळणाऱ्या डिंकाने चिकटवा.

चिठ्ठी

कुपीच्या आत, पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी हवी. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये उतरते. राज्य, जिल्हा, तालुका, गाव, अक्षांश-रेखांश, समुद्रसपाटीपासून उंची, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव, वारुळाचा क्रमांक, कप्प्याचा प्रकार. यांतलं एकही ‘नंतर लिहू’ म्हणून ठेवू नका.

अक्षांश-रेखांशाचा आग्रह कशासाठी, ते आपल्याच भागातल्या एका उदाहरणावरून कळतं. एरिक वासमान हा जेझुइट धर्मगुरू मुंग्या आणि वाळवीच्या पाहुण्यांचा मोठा अभ्यासक. त्याला आपल्याकडचे नमुने धाडणारे दोघे त्याच्याच पंथातले: अहमदनगर जिल्ह्यातले मिशनरी हाइम आणि मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातले जोसेफ आसमुथ. आसमुथ खंडाळ्याच्या वारुळांतून नमुने गोळा करत. वासमानने नगर जिल्ह्यातल्या ‘वॉलन’ या ठिकाणावरून एका वाळवीला नाव दिलं; ती आजची ओडोंटोटर्मिस वॉलनेन्सिस. वॉलन हे परदेशी माणसाने कानाने टिपलेलं गावाचं नाव. आज त्या जिल्ह्याचं नावही अहिल्यानगर झालं आहे. गावं आणि जिल्हे नावं बदलतात, पण आकडे जागचे हलत नाहीत.

‘नवी’ म्हणण्याआधी

भुंगेरा ओळखू येत नाही याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच असतो की आपण पुरेसं वाचलेलं नाही. क्रम असा ठेवा: कुळ, उपकुळ, जीनस, मग प्रजाती. स्टॅफिलिनिडीसाठी माल्कम कॅमेरॉन यांचे ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’तले १९३० ते १९३९ मधले खंड, आणि वाळवीच्या पाहुण्यांसाठी डेव्हिड किस्टनर यांची पुनरावलोकनं ही सुरुवातीची जागा. जुनं साहित्य बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीवर फुकट मिळतं. जर्मन किंवा लॅटिन वर्णनांना घाबरू नका. शब्दकोश घेऊन बसलं की त्यांतले ठरावीक शब्द अंगवळणी पडतात.

त्या जीनसच्या आजवरच्या सगळ्या प्रजातींचा एक तक्ता करा. प्रत्येकीची लांबी, डोळे, मिशांचे खंड, इलिट्रांवरच्या रेषा, झुबक्यांची जागा, यजमान वाळवी आणि ठिकाण. त्यात आपला नमुना कुठे बसत नाही ते बघा. जिथे जुनं वर्णन मोघम असेल तिथे मूळ नमुना, म्हणजे टाइप, बघावा लागतो. वासमानचा संग्रह नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टच्या निसर्गइतिहास संग्रहालयात आहे. म्हणजे खंडाळ्याच्या भुंगेऱ्याचा निकाल मास्ट्रिख्टमधल्या ड्रॉवरमध्ये लागू शकतो. संग्रहपालाला विनंतीपत्र पाठवून टाइपचे फोटो मागवता येतात. कोणत्या नमुन्याची, कोणत्या अवयवाची, कोणत्या कोनातून छायाचित्रं हवीत ते नेमकं लिहिलं तर उत्तर लवकर येतं.

वाळवीच्या पाहुण्यांत एक खास सापळा आहे. काही स्टॅफिलिनिडींचं पोट प्रौढ झाल्यानंतर फुगत जातं. नुकताच कोशातून निघालेला सडपातळ भुंगेरा आणि तोच काही काळाने फुगलेला, हे शेजारी ठेवले तर दोन प्रजाती वाटतात. नव्याने निघालेल्याचा रंगही फिका असतो. नर-मादीतही फरक असतात. म्हणून पोटाचा आकार आणि रंग यांवर नव्या प्रजातीचा डोलारा उभा करू नका. डोकं, प्रोनोटम (छातीच्या पुढच्या भागाचं वरचं कवच), इलिट्रा, पाय आणि जननेंद्रियं ही कठीण अंगं भरवशाची.

सूक्ष्मदर्शकाखाली

नराचं जननेंद्रिय, एडिएगस, हे भुंगेऱ्यांच्या वर्गीकरणात पुष्कळदा निर्णायक ठरतं. पोटाचं टोक अलगद सोडवून १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये मऊ होऊ द्या, स्वच्छ पाण्याने धुवा आणि ग्लिसरिनमध्ये बघा. मिलिमीटरभर भुंगेऱ्यात हा अवयव धुळीच्या कणाएवढा असतो. पहिले प्रयोग भरपूर नमुने असलेल्या साध्या प्रजातीवर करा. काढलेला अवयव बारीक कुपीत घालून त्याच भुंगेऱ्याच्या टाचणीला लावा. तो वेगळ्या डबीत ठेवला की काही वर्षांनी कुणाचा कोण ते कळेनासं होतं.

मोजमापं आयपीसमधल्या मायक्रोमीटरने घ्या आणि ती पट्टी आधी प्रमाणित करून घ्या. एकूण लांबी, प्रोनोटमची लांबी-रुंदी, इलिट्रांची लांबी-रुंदी; किती नमुने मोजले तेही लिहा. छायाचित्रासाठी वेगवेगळ्या खोलीवर फोकस करून काढलेल्या फोटोंची थप्पी संगणकावर एकत्र करतात. प्रत्येक चित्रात मापपट्टी हवी. सीओआय या जनुकाचा सुमारे ६५८ बेसचा तुकडा वाचून जेनबँकमध्ये ठेवला तर उत्तम. पण आंतरराष्ट्रीय नियमांत डीएनएची सक्ती नाही. आळसाने केलेली तुलना त्याने झाकली जात नाही.

वर्णन आणि डायग्नोसिस

नवशिक्यांचा घोळ इथे होतो. वर्णन म्हणजे डोक्यापासून पोटाच्या टोकापर्यंत जे आहे ते सगळं. डायग्नोसिस म्हणजे तेवढंच, ज्याने ही प्रजाती बाकीच्या सख्ख्यांपासून वेगळी निघते. क्युपिडोची डायग्नोसिस सांगायची तर दोन गोष्टी पुरतात: सुमारे १.२ मिलिमीटरची, जीनसमधल्या बाकी सगळ्यांहून लहान लांबी, आणि इलिट्रांवरचे पंखासारखे झुबके. आपल्या प्रजातीबद्दल अशी दोन वाक्यं लिहिता येत नसतील, तर ती प्रजाती नवी आहे की नाही हा प्रश्न अजून सुटलेला नाही.

जे दिसलं ते आणि जे वाटलं ते वेगळं ठेवा. क्युपिडोच्या झुबक्यांबद्दल मूळ निबंध म्हणतो की ते बहुधा सहजीवनाशी जुळवून घेण्यासाठी असावेत. झुबके दिसले, त्यांचं काम अनुमानाने सांगितलं. २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरीतून ऑस्ट्रोस्पिराक्था कॅरिजोई या स्टॅफिलिनिडीचं वर्णन झालं. त्याचं फुगलेलं पोट पाठीवर आलेलं असतं आणि त्याला पायांसारखे तीन जोड उपांग फुटलेले, जणू भुंगेऱ्याने वाळवीची बाहुली पाठीवर घेतली आहे. अशा वेळी मोह अनावर होतो. उपांगांचा आकार, जागा आणि मापं ‘वर्णना’त लिहा, नकलेविषयीचा विचार ‘चर्चे’त. पुढच्या अभ्यासकाला तुमचा अर्थ पटला नाही तरी मापं त्याच्या कामी येतात.

नाव आणि नियम

प्राण्यांच्या नामकरणाची आंतरराष्ट्रीय संहिता, चौथी आवृत्ती, २००० सालापासून लागू आहे. तिच्यातलं कामापुरतं एवढं: नाव लॅटिन लिपीत आणि दोन शब्दी हवं, ते नवं आहे असं स्पष्ट म्हटलेलं हवं, वेगळेपणा सांगणारी लक्षणं हवीत, एकच होलोटाइप, म्हणजे नाव ज्याच्याशी बांधलेलं असतं तो नमुना, नेमलेला हवा आणि तो कोणत्या संग्रहात आहे किंवा राहणार आहे ते लिहिलेलं हवं. होलोटाइप म्हणून सुबक, सगळे अवयव शाबूत असलेला नमुना निवडा, शक्यतो नर. बाकीचे पॅराटाइप, ते दोन-तीन संस्थांत विभागून ठेवा. फक्त इलेक्ट्रॉनिक स्वरूपात निघणाऱ्या निबंधाची प्रकाशनाआधी झूबँक या प्राणिनावांच्या नोंदवहीत नोंदणी झालेली असावी लागते आणि तसा पुरावा निबंधात छापावा लागतो.

नाव रूपावरून, ठिकाणावरून किंवा व्यक्तीवरून ठेवता येतं. पुरुषाच्या नावाला बहुधा ‘आय’, बाईच्या नावाला ‘एई’ प्रत्यय, ठिकाणाला ‘एन्सिस’. विशेषण असेल तर जीनसच्या लिंगाप्रमाणे बदलतं. त्या जीनसमध्ये ते नाव आधी वापरलेलं नाही ना, हे तपासा. स्वतःचं नाव देऊ नका. नियम आडवा येत नाही, पण जाणकार हसतात. ज्याच्या बांधावर वारूळ होतं त्याचं नाव मात्र, त्याला विचारून, जरूर द्या.

छापायला ‘झूटॅक्सा’, ‘झूकीज’, ‘ओरिएंटल इन्सेक्ट्स’, कोइंबतूरहून निघणारं ‘जर्नल ऑफ थ्रेटन्ड टॅक्सा’, किंवा प्राणी सर्वेक्षणाचं ‘रेकॉर्ड्स’ असे पर्याय आहेत. काही ठिकाणी शुल्क लागतं, काही ठिकाणी नाही, आधी विचारा. आठवड्यात छापून देतो म्हणणाऱ्या नियतकालिकापासून लांब राहा. परीक्षकांनी न वाचता छापलेलं नावही नियमांत बसलं तर वैधच ठरतं, आणि मग ती चूक निस्तरायला पुढच्या पिढ्या लागतात.

निबंध धाडण्याआधी एक परीक्षा घ्या. तुमचा भुंगेरा आणि त्याच्या जवळच्या प्रजातींचे नमुने, नमुने नसतील तर छायाचित्रं, नावं झाकून एका सहकाऱ्यासमोर मांडा. कीटकांची जुजबी ओळख असलेला पण हा गट कधी न पाहिलेला माणूस यासाठी बरा. त्याच्या हातात फक्त डायग्नोसिस द्या आणि तुम्ही गप्प बसा. त्याने बरोबर भुंगेरा उचलला तर निबंध पाठवा. त्याने ‘हा की हा?’ असं विचारलं तर कुठल्या शब्दावर अडला ते लिहून घ्या, आणि डायग्नोसिस पुन्हा लिहायला बसा.